शेजारी आणि पाहुणे

त्या हंगामात खडकाची वाट बंद झाली आणि गावाला दोन तोंडं फुटली.

खडक म्हणजे बंदरापासून होडीने चार तासांवर पाण्याखाली पसरलेली लांबट कपार. ओहोटीला तिचा माथा म्हशीच्या पाठीसारखा जरा वर यायचा, एवढंच. पण मासळी जमायची ती तिथेच, आणि गाव पिढ्यानपिढ्या जाळी टाकायचं तेही तिथेच. आता तिथे शेजाऱ्यांची पांढरी जहाजं येऊन बसली होती. शेजारी म्हणजे पैलतीरावरचं बलाढ्य राष्ट्र. त्यांनी रिकामी पिंपं दोराला बांधून खडकाला वेढा घातला होता. त्यांच्यावर डोळा ठेवायला म्हणून सात समुद्रापलीकडून दुसरे आले. त्यांना गाव पाहुणे म्हणायचं. त्यांची करडी जहाजं लांब उभी राहून दुर्बिणीतून बघायची. खडक आमचा, असं शेजारी म्हणत. खडक कुणाचाच नाही, असं पाहुणे म्हणत. तो आपला आहे असं गावाचं म्हणणं होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

"दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ असतो म्हणतात," धाकटीचा सासरा म्हणायचा. "मग आपण कितवे, तेवढं कुणीतरी मोजून सांगा."

धाकटीचं घर बंदरामागच्या गल्लीत होतं. सासरा, नवरा आणि ती. भिंतीपलीकडच्या खोलीत थोरला दीर. त्याची बायको वारल्यापासून तो जेवायला इकडेच असायचा. नवरा होडी चालवायचा. धाकटी आणि दीर बंदरावरच्या शेडमध्ये कामाला होते. ती मासे कापायची, तो काट्यावर वजन करायचा. शेड शेजाऱ्यांच्या व्यापाऱ्याची. गावच्या होड्या रिकाम्या परतायला लागल्यापासून शेडमध्ये गोठवलेल्या माशांच्या लाद्या यायच्या, शेजाऱ्यांच्या मोठ्या जहाजांनी खडकावर धरलेल्या. गावच्या बायका त्या मीठपाण्यात सोडवायच्या, कापायच्या, आणि त्याच परत शेजाऱ्यांकडे जायच्या.

तीन आठवडे नवरा घरात बसून जाळ्याची तीच भोकं पुन्हा पुन्हा सांधत होता. चौथ्या आठवड्यात एका पहाटे तो उठला, डिझेलचा कॅन उचलला आणि दोघा सोबत्यांना घेऊन निघून गेला. धाकटीने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

दुपारी ती टेबलाशी होती. डाव्या हातात मासा, उजव्या हातात सुरी, कोपरापर्यंत थंड चिकट पाणी. दारातून कुणीतरी ओरडलं, "लंबूच्या होडीवर पाणी मारलं! आणलाय त्याला!"

लंबू म्हणजे तिचा नवरा. ती तशीच धावली. मुकादम मागून ओरडला, "अगं, सुरी! सुरी ठेवून जा, शेडची आहे ती!" तिने सुरी तिथेच फरशीवर टाकली.

त्याला होडीच्या फळीवर आडवा घालून आणलं होतं. अंगावर जखम अशी नव्हती. पांढऱ्या जहाजाने पाण्याची तोफ सोडली होती. तो फवारा छातीवर बसला तसा तो मागे फेकला गेला आणि इंजिनाच्या पेटीचा कोपरा डाव्या कुशीत घुसला. तोंड राखेसारखं झालं होतं. तिने त्याचं डोकं धरलं, तेव्हा तिच्या हातांवरचे माशांचे खवले त्याच्या गालाला चिकटले.

"मुतायचंय," तो म्हणाला. एवढंच.

दोघांनी धरून उभा केला. धक्क्याच्या कडेला त्याने लघवी केली ती विटकरी रंगाची. सगळं बंदर बघत होतं.

डॉक्टरने पोट दाबून बघितलं, तसा तो कळवळला. "मूत्रपिंडाला मार आहे," डॉक्टर म्हणाला. "तीन आठवडे अंथरूण. पाणी भरपूर प्यायला द्या. आणि लघवी धरून ठेवायची नाही. लागली की लगेच. रंग बघत जा. लाल कमी होत गेला तर ठीक, नाहीतर शहरात न्यावं लागेल."

मग धाकटीने घरातलं पांढरं पत्र्याचं भांडं त्याच्या उशाशी ठेवलं. पांढऱ्यावर रंग नीट कळतो. दर दोन तासांनी ती ते उजेडात धरायची, बघायची, नाल्यात ओतायची, धुवायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दीर फळांची पिशवी घेऊन आला. पिशवी त्याने दारातच खाली ठेवली.

"कुणी दिली?" धाकटीने विचारलं.

"शेडच्या शेठने. चौकशी करत होता." दीर भावाच्या पायाशी बसला. बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिला. "म्हणाला, होडीचं सुकाणू अडकलं होतं, ती आपणहून जहाजाच्या तोंडी गेली, असं कुणी विचारलं तर सांगायचं."

"सुकाणू अडकलं नव्हतं," लंबू डोळे मिटूनच म्हणाला.

"ते मला माहितेय रे."

"मग?"

"मग काय? मी निरोप्या. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं, बाबा."

"पाण्यात राहतोय कोण, दादा? तू तर शेडमध्ये राहतोस."

दीर उठला आणि न जेवताच गेला. सासऱ्याने पिशवीतलं एक फळ घेतलं, शर्टाला पुसलं आणि खाल्लं. "फळाचा काय दोष," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पुढारी आला. पुढारी म्हणजे गावचा कारभार बघणारा माणूस. निवडणुकीआधी तो शेडच्या उद्घाटनाला शेजाऱ्यांच्या शेठच्या शेजारी बसला होता. आता पाहुण्यांचं मोठं जहाज बंदरात येणार म्हणून त्याचा तोंडवळाच बदलला होता. त्याच्याबरोबर पाहुण्यांच्या कचेरीतला एक फोटोग्राफर आणि एक दुभाषी होता. तिघं आत आले तशी खोली भरली. कुणीही चप्पल काढली नाही.

"हा आपला वीर!" पुढारी म्हणाला. लंबूच्या खांद्यावर त्याने थाप मारली. लंबूने दात आवळले.

फोटोग्राफरने खिडकी उघडायला लावली. मग लंबूचा सदरा वर करायला लावला, तेव्हा कुशीवरचा काळानिळा डाग दिसला. त्याने दोन-तीन फोटो काढले, पण त्याचं समाधान होत नव्हतं. एवढ्यात लंबूला लागली. धाकटीने सगळ्यांकडे बघितलं. "जरा बाहेर व्हा," ती म्हणाली. पुढारी भिंतीकडे वळला, बाकीचे वळलेही नाहीत. तिने पाठ करून आडोसा केला. भांडं घेऊन ती निघाली, तसा फोटोग्राफर काहीतरी बोलला.

"थांबा ताई," दुभाषी म्हणाला. "ते ओतू नका. त्यांच्या उशाशी ठेवा. रंग दिसला पाहिजे म्हणतायत."

"हे?"

"हो. पुरावा आहे हा."

धाकटी भांडं धरून उभीच राहिली. कोमट होतं. पुढाऱ्याने तिच्या हातातून ते घेतलं, नाक दुसरीकडे करून उशाशी ठेवलं आणि बोटं खिशातल्या रुमालाला पुसली. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. लंबूने तोंड भिंतीकडे फिरवलं. "इकडे बघा, इकडे," दुभाषी म्हणाला. "राग दाखवा थोडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेडमध्ये शिरली तेव्हा पंचवीस बायकांच्या पंचवीस माना खाली गेल्या. फोटो प्रत्येकीच्या फोनवर होता. भांडंही दिसत होतं, भांड्याच्या कडेचा टवका उडालेला, तोही. मुकादमाने तिच्या टेबलावर दुसरीलाच उभं केलं होतं.

"तुझं काम आता मागे," तो म्हणाला. "टबाकडे."

टब म्हणजे शेडमागची हौदांची रांग. आतडी, कल्ले, डोकी तिथे पडत आणि कुजवून त्याचं खत होई. उन्हात ते सगळं फेसाळायचं. लांब फावड्याने खालचं वर करायचं काम. तासाभरात वास केसांत जायचा, दोन तासांत घशात. पहिल्या दिवशी तिने दोनदा ओकलं. ती ओकारीही त्याच टबात गेली.

दीर काट्यावरून तिला बघायचा. मध्ये एकदा येऊन त्याने तोंडाला बांधायला फडकं दिलं. "चार दिवस कळ काढ," तो म्हणाला. "मी शेठशी बोलतो."

"बोललात का?"

"बोलतो म्हटलं ना."

त्याच आठवड्यात पाहणीवाली आली. शहरातली मुलगी, पायात पांढरे बूट, हातात पाटीएवढा टॅब. शेजारी आणि पाहुणे यांच्याबद्दल लोकांना काय वाटतं, हे ती विचारत फिरत होती. शेडमध्ये तिने जेवणाच्या सुट्टीत बायकांना गाठलं. मुकादम पाठीमागे चहा पीत उभा होता.

"शेजारी राष्ट्राबद्दल तुमचं मत? खूप चांगलं, चांगलं, बरं, वाईट, खूप वाईट?"

"चांगलंच की," पहिली म्हणाली. "काम देतात."

"चांगलं," दुसरी म्हणाली.

"खूप चांगलं लिहा," तिसरी म्हणाली आणि मुकादमाकडे बघून हसली.

संध्याकाळी तीच मुलगी पुढाऱ्याच्या घरासमोरच्या नळावर बसली होती. पुढारी ओट्यावर पेपर वाचत होता. हंडे घेऊन आल्या त्याही त्याच बायका.

"शेजारी? मुडदे बसले त्यांचे," पहिली म्हणाली. "आमच्या लंबूला मारलं मेल्यांनी."

"खूप वाईट," दुसरी म्हणाली. "आणि पाहुणे खूप चांगले."

धाकटी हंडा भरत ऐकत होती. मुलीने टॅबवर बोट टेकवलं तशी ती म्हणाली, "बाई, यांनी दुपारी वेगळं सांगितलं होतं."

"माहितेय मला," मुलगी दमलेल्या आवाजात म्हणाली. "तो कामाच्या ठिकाणचा नमुना. हा राहत्या वस्तीतला."

"मग खरं कोणतं धरणार?"

"दोन्हीची सरासरी."

"आणि पाठवणार कुणाला?"

"जे मागवतात त्यांना. ते कोण, हे आम्हालाही सांगत नाहीत."

मुलगी धाकटीबरोबर घरी आली, कारण राहत्या वस्तीतला एक म्हातारा माणूस तिला कमी पडत होता. सासऱ्याने पाचही पर्याय शांतपणे ऐकून घेतले.

"यात किळस येते असा रकाना आहे का?" त्याने विचारलं.

"नाही आजोबा. 'सांगता येत नाही' असं आहे."

"मग तेच लिही. बाईमाणसासमोर सांगता येत नाही."

मुलगी हसली नाही. पण जाताना तिने लंबूच्या उशाशी बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. तो फोटो तिच्याही फोनवर आला असणार.

पाहुण्यांचं जहाज आलं तो मारानंतरचा अकरावा दिवस. दोन दिवस बंदर धुणं चाललं होतं. फिनेलचा वास माशांच्या वासावर चढून तिसराच वास तयार झाला होता. जाळी उचलून शाळेमागे लपवली होती. व्यासपीठासमोरच्या टेबलावर पांढरं कापड आणि त्यावर गावची मासळी मांडायची असं ठरलं होतं. गावची मासळी कुठून आणणार? शेवटी पुढाऱ्याने शेडमधूनच मागवली. दिराने ती काट्यावर घालून दिली. शेजाऱ्यांनी धरलेले, शेजाऱ्यांच्या बर्फातले मासे पाहुण्यांपुढे गावचे म्हणून ताटात रचले. मासे अजून आतून दगड होते. उन्हात त्यांना घाम फुटल्यासारखं पाणी सुटत होतं.

लंबूला पुढाऱ्याची माणसं खुर्चीसकट उचलून घेऊन गेली. "ते बसू शकत नाहीत जास्त वेळ," धाकटीने सांगितलं. "लागली की लगेच जावं लागतं."

"अर्ध्या तासाचं काम," पुढारी म्हणाला. "आणि पाहुण्यांचे साहेब काय देतील, सांगता येतं का? शहरात मोठ्या दवाखान्यात नेतीलसुद्धा."

तेवढ्यावरच ती गप्प बसली. रंग अजून पुरता गेला नव्हता. आदल्या दिवसापासून फिका गुलाबी दिसत होता.

साहेब दोन तास उशिरा आला. लंबू व्यासपीठावर उन्हात बसला होता, अंगात पुढाऱ्याने दिलेला नवा पांढरा सदरा आणि पांढरी पँट. धाकटी खाली बायकांत होती. तिच्याही हातात कागदी झेंडा दिला होता, एका बाजूला गावच्या देशाचा, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांचा. तिला लंबूचा चेहरा दिसत होता. आधी त्याने पाय जवळ घेतले. मग खुर्चीच्या दांड्या धरल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या माणसाला काहीतरी सांगितलं. त्या माणसाने पुढाऱ्याला सांगितलं. पुढाऱ्याने मान हलवली आणि बोट दाखवलं, जहाजाकडे. साहेब उतरत होता.

ती गर्दीतून कडेला आली. शाळेच्या संडासाला कुलूप होतं. धक्क्याच्या टोकाला एक नवी कोरी निळी केबिन उभी होती, तिच्या दारात पाहुण्यांचा पिकल्या मिशांचा शिपाई.

"माझ्या माणसाला जायचंय," ती शिपायाला म्हणाली. त्याला कळलं नाही. दुभाषी धावत आला. "ती साहेबांसाठी आहे, ताई. त्यांचं झालं की बघू."

ती परत फिरली तेव्हा भाषण सुरू झालं होतं. साहेब उंच, गुलाबी, घामेजलेला. दुभाषी एकेक वाक्य गावच्या भाषेत सांगत होता. हा समुद्र सर्वांचा आहे. या शूर माणसाच्या पाठीशी आम्ही उभे आहोत. लोक झेंडे हलवत होते. शेडचा मुकादमसुद्धा मागच्या रांगेत झेंडा हलवत होता. मग साहेब हात पुढे करून लंबूकडे आला, आणि लंबूने त्याचा हात हातात घेतला, आणि त्याच क्षणी ते झालं.

पांढऱ्या पँटवर ते लपण्यासारखं नव्हतं. मांडीवरून पसरत गेलं, खुर्चीच्या पायावरून खाली आलं, फळ्यांवर गुलाबी पातळ ओघळ धावला आणि साहेबाच्या चकचकीत बुटाशी थबकला. साहेब एक पाऊल मागे सरला. चेहऱ्यावरचं हसू त्याने सोडलं नाही, हात मात्र सोडवून घेतला.

"वरचंच घ्या!" पुढारी फोटोग्राफरवर खेकसला. "कमरेच्या वरचंच!"

गर्दीत कुणीतरी फसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. हसू दाबायला बायकांनी कागदी झेंडे तोंडावर धरले.

धाकटी पायऱ्या चढून वर गेली. पुढारी दातांतून म्हणाला, "खाली हो, खाली हो आधी." तिने टेबलाकडे बघितलं. पांढऱ्या कापडाचं टोक धरलं आणि ओढलं. ताट घसरलं. दगडी मासे फळ्यांवर धडधड आपटत गेले, एक साहेबाच्या पायाशी फिरत गेला. तिने ते कापड लंबूच्या कमरेला गुंडाळलं, घट्ट गाठ मारली, त्याचा हात खांद्यावर घेतला आणि उभा केला.

"चला," ती म्हणाली.

गर्दीने वाट दिली. धक्क्यावरून जाताना केबिनपाशी तो पिकल्या मिशांचा शिपाई उभा होता. त्याने लंबूकडे बघितलं, टोपी काढली, वळून केबिनचं दार उघडलं आणि बाजूला झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की उन्हाने तसं दिसत होतं, कोण जाणे.

"आता काय उपयोग, दादा," धाकटी त्याला म्हणाली, आणि दोघं पुढे गेली.

घरी तिने त्याला ओट्यावर बसवून कमरेखाली धुतलं. मध्येच त्याचे खांदे हलायला लागले. ती तांब्याने पाणी ओतत राहिली, पाणी संपलं तेव्हा पुन्हा भरून आणलं.

शेडमध्ये व्यापाऱ्याच्या माणसांनी फोटो फिरवला, तो कमरेखालचा. पाहुण्यांचा वीर, असं त्यावर लिहिलं होतं. चार दिवस तो शेडमध्ये फिरत होता. पाचव्या दिवशी दीर भर दुपारी घरी आला आणि दारातच बसला. आत येईना.

"काय झालं?" सासऱ्याने विचारलं.

"काटा सोडला."

"का?"

दीर जमिनीकडे बघत होता. "मुकादमाने फोटो दाखवला. सगळे हसले. मीही हसलो, बाबा. तोंडातून निघून गेलं. हा आपला लंबू आहे, हे हसून झाल्यावर कळलं."

आतून लंबू ऐकत होता. धाकटीला वाटलं आता भांडण होणार. पण तो म्हणाला, "दादा, जाळं शाळेमागून आणायला पाहिजे. उंदरांनी कुरतडलं असेल."

दीर उठला आणि जाळं आणायला गेला.

पुढे महिन्याभराने पैलतीर आणि सात समुद्रापलीकडचे कुठल्यातरी तिसऱ्याच शहरात बोलणी करायला बसले. पिंपांचा वेढा एका बाजूने सैल झाला. कुणी सांगितलं आठवडाभर, कुणी सांगितलं चार दिवस. पाहुण्यांच्या मोठ्या दवाखान्याबद्दल पुन्हा कुणी शब्द काढला नव्हता. लंबूची लघवी औषधाविनाच आपली आपण पिवळी झाली होती. जुने सोबती आता शेडमध्ये कामाला लागले होते, म्हणून होडीवर तिघंच निघाले: लंबू, दीर आणि धाकटी. टबाचं काम तिने सोडलं होतं. वास अजून नखांत होता.

सकाळच्या उन्हात ते खडकाशी पोचले. पांढरं जहाज एका अंगाला, करडं दुसऱ्या अंगाला, मध्ये ही होडी. दोन्हीकडच्या भोंग्यांतून मोडक्यातोडक्या भाषेत आवाज येत होता. एक म्हणत होता, हे पाणी आमचं, परत फिरा. दुसरा म्हणत होता, हे पाणी मोकळं, तुम्ही सुरक्षित आहात. दोन्ही आवाज पाण्यावर आपटून एकमेकांत मिसळत होते.

"टाका," लंबू म्हणाला.

जाळं सोडलं. तासाभराने ओढायला घेतलं, तेव्हा ते जड लागलं. दिराच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तरतरी आली. लंबू जोराने ओढू शकत नव्हता, तो सुकाणू धरून होता. धाकटी आणि दीर दोघंच कमरेतून वाकून ओढत होते.

वर आलं ते आधी नाकाला कळलं. भिजून फुगलेले पावाचे लगदे, बटाट्याच्या सालांचे पुंजके, तेलाचे काळे गोळे, चिंध्या, पिशव्या, डबे, वापरलेले कागद, ज्यावर काय होतं ते बघायची गरज नव्हती. दोन्ही जहाजं महिनोन्महिने तिथे राहत होती. शेकडो माणसं जेवत होती आणि जेवल्यानंतरचं सगळं करत होती. त्या राड्यात सातआठ मासे होते, त्यातले दोन मेलेले.

धाकटीने जिवंत मासे बाजूला काढले.

दीर फळीवर बसला आणि जाळ्यातून घाण वेचायला लागला. काट्यावरची सवय, हात आपोआप दोन ढीग करत होते. "हे डबे पाहुण्यांचे," तो पुटपुटत होता. "ही पाकिटं शेजाऱ्यांची. शेडमध्ये यायची अशीच. हे तेल..." तो तेलाचा गोळा हातात घेऊन दोन्ही जहाजांकडे बघत राहिला.

धाकटीने डिझेलच्या कॅनखालचं रिकामं पोतं ओढलं. पहिला ढीग दोन्ही हातांनी उचलून त्यात टाकला. मग दुसरा त्याच पोत्यात टाकला. दिराच्या हातातला गोळा घेऊन तोही टाकला.

"बुडवायचं का?" दिराने विचारलं.

"नको. घरी नेऊ," ती म्हणाली. "आपल्याला इथे उद्या परत यायचंय."

लंबूने होडी हळूच वळवून खडकाच्या दुसऱ्या टोकाशी आणली, दोन्ही जहाजांपासून जेवढी लांब जाईल तेवढी. भोंगे चालूच होते. धाकटीने पोत्याचं तोंड बांधलं, समुद्रात हात बुडवून कोपरापर्यंत चोळले, ओल्या हातानेच जाळ्याची कड धरली. दिराने दुसरी धरली.

"टाका," लंबू म्हणाला.

त्यांनी जाळं पुन्हा टाकलं.